तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊबीजेला मी कुकर का लावत नाही

"तू खा गं कच्चं, पण पाहुण्यांना निदान वरण-भात तरी टाक." मी फक्त कच्चं, न शिजवलेलं खाते, म्हणून दर दिवाळीत हे ऐकते. नातेवाईक, सोसायटीतल्या बायका, ऑफिसातले, सगळे. म्हणून एकदा नीट सांगते.

ताटात गरम वरण-भात आला की बाकी सगळ्याची कोशिंबीर होते. तोंडी लावणं. वर्षभर मी तुमच्याकडे येते, केळं-काकडी खाऊन उठते, कधी तक्रार केली? एक संध्याकाळ तुम्ही माझ्या ताटात जेवा, एवढंच मागते.

आणि कच्चं म्हणजे चिरलं की झालं, हे तर बोलूच नका. कच्च्या आहारात साधारण ४२ ते ४८ अंशांच्या वर काही तापवायचं नाही म्हटलं की अर्धं स्वयंपाकघर बाद होतं. गूळ बाद, कारण रस उकळलेला. भाजलेल्या दाण्याचं कूट बाद. दडपे पोहे न शिजवलेले वाटतात, पण पोहे करतानाच धान भाजतात. बाजारात कच्चे म्हणून मिळणारे काजूसुद्धा फोडण्याआधी वाफवलेले किंवा भाजलेले असतात, त्यामुळे मी बदाम भिजवते आणि लाडू खजुराचे करते. पूर्वी मी झुकिनीच्या, म्हणजे त्या काकडीसारख्या दिसणाऱ्या भाजीच्या, शेवया करून "फरक कळणारसुद्धा नाही" म्हणायचे, आता ते मला पटत नाही, फरक कळतो आणि कळू दे की. आपल्याकडे सोलकढी आहे, आंब्याची डाळ आहे, खमंग काकडी आहे, फोडणी आणि काकडीतलं दाण्याचं कूट सोडलं तर यात शिजवायचं काय असतं? दिवाळीत कैरी नसते म्हणून डाळीला लिंबू, बस.

आता एका भाऊबीजेचं सांगते. वसुबारसेच्याही आधी ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातल्या गर्दीत जाऊन नारळ, कोकम, भाजी आणली होती. हरभऱ्याची डाळ सकाळी भिजवली, दुपारी भरड वाटली. नारळाचं दूध मुद्दाम शेवटी काढलं कारण ते लवकर आंबतं आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर वर साय घट्ट धरते. आत्याच्या दातांचा विचार करून गाजर बारीक किसलं होतं. ओवाळणी झाली, पानं वाढली, आणि आत्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. कोणी काही बोलायच्या आत तिने प्रत्येकाच्या पानात वाढायला सुरुवात केली, माझ्या भावाच्या पानात जागा नव्हती तर पुरी सरळ डाळीवर ठेवली, आणि तेलाचा पिवळा ओघळ त्या पांढुरक्या डाळीत उतरत गेला. भावाने माझ्याकडे पाहिलं, "ताई..." म्हणाला, आणि खाल्ली. सगळ्यांनी खाल्ली. मी आत जाऊन उरलेला नारळ पुन्हा मिक्सरला लावला, गरज नव्हती तरी, आवाज होत राहावा म्हणून.

आत्या मागून आली. "अगं, सणाला कोणी अर्धपोटी जाऊ नये म्हणून आणलं." ती मनापासून बोलत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. कारण माझं ताट हे पोटभर जेवण नाहीच, असं तिने घरून निघतानाच धरलं होतं. सोलकढी मात्र सगळी संपली, हे कोणी कधी सांगत नाही.

गेल्या वर्षी वहिनीला दिवस गेले होते, तर मी तिच्यासाठी मोड आलेली मटकी चांगली शिजवली. आत्या लगेच म्हणाली, "मग वरण-भाताने काय घोडं मारलं होतं?" अहो, मोड यायला जो ओलावा आणि ऊब लागते त्यातच जंतूही वाढतात, नुसतं धुऊन ते जात नाहीत, गरोदर बाईने कच्चे मोड टाळावेत असंच सांगतात. ती काळजी होती, सवय नव्हे. मी हे पोटतिडकीने समजावलं. पण वयस्कर माणसांनाही तेच सांगतात, आणि आत्या सत्तरीच्या पुढे आहे, हे मलाही माहीत आहे. तिच्या पानात मी कच्चे मोड वाढत नाही. तिला रात्री गार काही नको असतं, ही काळजीत धरायची का सवयीत, यावर माझं मलाच उत्तर देता येत नाही.

यंदा ती येणार आहे. नवरा म्हणतो छोटा कुकर लाव, तिच्यापुरता. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. हरभऱ्याची डाळ मात्र वाटायलाच भिजवणार आहे.