मासे न खाता गोव्यात

‘तुम्ही मासे खात नाही, त्यातून जेवणाच्या बाबतीत एवढे चोखंदळ, मग गोव्यात वरचेवर जाता ते तिथे खाता तरी काय?’ ओळखीचे लोक मला हे नेहमी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. मासे तर नकोतच, पण गिळगिळीत भेंडी, वरून भुरभुरलेला कच्चा कांदा आणि ताटात एकमेकांत मिसळलेले रस्से यांच्याशीही माझे जमत नाही. इतर गावी गेलो की मी आधी हॉटेल शोधतो. गोव्यात मात्र घड्याळ आणि वार पाहतो.

हॉटेलात मिळणारे गोव्याचे खास शाकाहारी खाणे हे मुख्यतः सकाळचे खाणे आहे. म्हापसा, पणजी किंवा मडगावच्या बाजाराजवळच्या एखाद्या जुन्या हॉटेलात सकाळी जाऊन बसावे. वाटाण्याची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, पाव किंवा पुरी, केळे घालून मळलेले गोडसर बन्स आणि मिरची भजी एवढा ऐवज तिथे बहुधा असतोच. बहुतेक गिऱ्हाइके मिक्स भाजी मागतात, म्हणजे दोन्ही भाज्या एकाच बशीत येतात. मी त्या वेगवेगळ्या बशांत मागतो आणि वाढप्याच्या कपाळावरच्या आठीकडे दुर्लक्ष करतो.

दुपार अवघड. त्या वेळी ताट म्हणजे मासळीचे ताट, आणि नुसते ‘भाजी आहे का’ असे विचारून भागत नाही, कारण कोबीत, दुधीत किंवा तांबड्या भाजीत (लाल माठात) सुंगटे, म्हणजे कोळंबी, घालण्याची रीत आहे आणि घालणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. म्हणून मी ‘शिवराक (म्हणजे शाकाहारी) काय आहे’ असे विचारतो. मग उत्तर नेमके येते. नीरफणसाचे काप रव्यात घोळवून मिळत असतील, तर ते मासळीच्याच तव्यावर भाजतात का, हेही विचारून घ्यावे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवळांच्या परिसरात जेवलो, तर ही उलटतपासणी वाचते.

सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासळी शिजत नाही, श्रावणात आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांतही नाही. माझ्या ताईचे सासर फोंड्याला आहे. तिच्या सासूबाई मला ‘सोमवारीच ये रे, म्हणजे पंचाईत नको’ असे बजावतात आणि खतखते करतात. अनेक भाज्यांचे हे एकत्र कालवण खरे तर माझ्या नियमांत बसू नये. पण त्यात फोडी जाड असतात, रताळे रताळ्यासारखे लागते, मक्याच्या कणसाचा तुकडा अखंड राहतो, आणि नको ते निमूटपणे ताटाच्या कडेला सारता येते. त्यातले तिरफळ हे मसाल्याचे फळ तेवढे चावू नये. ते वासापुरते असते आणि दाताखाली आले की जीभ बधिर होते.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, आणि नेमक्या त्याच पावसात तायखिळा, म्हणजे टाकळा ही रानभाजी, उगवतो. फणसाच्या बिया घालून केलेली त्याची उग्र, किंचित कडवट भाजी मी आवडीने खातो, याचे ताईला अजून आश्चर्य वाटते. भेंडीला नाक मुरडणाऱ्याने ही कशी खाल्ली, असे ती प्रत्येक वेळी विचारते.

राहिली रात्र. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये माझ्या वाट्याला नूडल्स आणि पनीर येते, आणि पनीरच खायचे तर त्यासाठी गोव्याला येण्याचे काही कारण नाही. त्यापेक्षा संध्याकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकू आला की मी फाटकापाशी जातो आणि गरम पोई, म्हणजे इथला एक पाव, घेतो. वरून कोंडा लागलेली, आतून पोकळ असलेली ही पोई फोडून तिच्यात लोणी भरले आणि सोबत एखादे केळे घेतले की माझे जेवण होते. सकाळची पातळ भाजी उरली असेल तर तीही चालते. फक्त वेगळ्या वाटीत.