घटाचे धान कुणीकडे पाहते?

आश्विनातले ऊनही जळगावात चैत्राचा तोरा सोडत नाही, म्हणून दुपारी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात. अशाच एका दुपारी ओट्याखालच्या टोपलीतून बटाटे काढताना दिसले, की एकाला वीतभर पांढरट कोंब फुटला आहे आणि तो टोपलीच्या भोकातून निघून नेमका दाराच्या फटीकडे वळला आहे. ज्या उन्हापासून आम्ही लपलो होतो, त्याच्याच शोधात हा बटाटा निघाला होता.

मला आजीकडचे घट आठवले. तिच्या धाब्याच्या घरात देव मधल्या खोलीत होते. भिंती हातभर रुंद, खिडकी नाही, उजेड येई तो एका दारातून. घटाभोवतीच्या काळ्या मातीत पेरलेला गहू तिसऱ्या-चौथ्या माळेला वर येई, फिकट पिवळा आणि लांबुडका, आणि सातव्या माळेपर्यंत सगळाच्या सगळा दाराकडे कललेला असे. समोर अखंड दिवा तेवत असताना धानाने देवीकडे पाठ फिरवावी, हे मला फार उद्धटपणाचे वाटे. कुंडी असती तर फिरवून ठेवता आली असती. बसलेला घट मात्र हलवायचा नसतो. आजीला त्यात काही वावगे दिसत नसे. “दारमा कोन उना, ते देखी ऱ्हायनात,” म्हणजे दारात कोण आले ते पाहताहेत, एवढे अहिराणीत म्हणून ती नवी माळ बांधायला घेई.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गव्हाच्या गणगोतातल्याच कॅनरी गवताच्या कोंबांवर उजेड अडवणाऱ्या टोप्या घालून पाहिल्या, आणि १८८० साली लिहून ठेवले की उजेड कळतो तो शेंड्याला, वाकतो तो त्याखालचा भाग. शेंड्याकडून खाली येणारा निरोप म्हणजे एक द्रव्य असते, हे पुढे १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर दाखवले. हे ऑक्सिन सावलीच्या बाजूला अधिक उतरते, तिथल्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. म्हणजे उजेड त्याला ओढत नाही, अंधारातली बाजू वाढून त्याला तिकडे लोटते. कोंबाला हवा असतो तो मुख्यतः निळा प्रकाश. तेलाच्या ज्योतीत तो अगदी थोडा, दारातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात भरपूर. तेव्हा धानाने देवीचा अवमान केला नव्हता.

डबक्यातल्या एकपेशीय युग्लीनाची रीत मला अधिक जवळची वाटते. तिच्या अंगावरचा लाल ठिपका उजेड जाणणाऱ्या जागेवर सावली धरतो, त्यावरून दिशा ओळखून ती पोहत जाते; मात्र मंद उजेडाकडे जाणारी हीच युग्लीना फार प्रखर प्रकाश आला की पाठ फिरवते. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभे राहिलेल्या कोणालाही हे शास्त्र शिकवावे लागणार नाही.

यंदा घट खिडकीपाशी मांडावा, असे घरात सुचवून पाहिले. देवाची जागा बटाट्यावरून ठरत नाही, असे उत्तर मिळाले.