यवतेश्वरचा घाट, पायी

साताऱ्यातली बरीच हॉटेलं आधीच भरली होती, म्हणून मावशीकडे उतरले. शनिवारी संध्याकाळी पोवई नाक्यावरून रिक्षा केली. रिक्षावाल्या काकांनी माझ्या हातातली बिबची, म्हणजे छातीवर लावायच्या धावपटू क्रमांकाची, पिशवी पाहिली आणि विचारलं, "उद्या यवतेश्वर का?" शर्यतीचं पूर्ण नाव घ्यायची त्यांना गरज वाटली नाही.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. कासचं पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं तेही त्याच वर्षी. 2015 मध्ये 2,618 धावपटू यवतेश्वरचा हा डोंगर धावले आणि एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनेस विक्रम साताऱ्याच्या नावावर लागला. तेव्हापासून पुण्या-मुंबईकडून धावपटूंचे गटच्या गट येतात. याच जिल्ह्यातल्या माणदेशातली, मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. या मातीत पाय रोवून धावायचं म्हणजे माझ्यासारखीलाही जरा ताठ उभं राहावंसं वाटतं.

मावशीनं रात्री मऊ भात वाढला आणि एकच सांगितलं, "घाट लागला की घाई करू नकोस गं. श्रावणात आम्ही अनवाणी जायचो यवतेश्वरच्या महादेवाला, पण कधी दमलो नाही. बोलत बोलत चढायचो."

पहाटे पोलीस कवायत मैदानावर भुरभुर पाऊस होता. अजिंक्यतारा ढगात गेलेला. पहिले चार-एक किलोमीटर शहरातून जातात आणि तिथंच खरी परीक्षा असते, कारण रस्ता सोपा असतो आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. ढोल वाजत होते, शाळेची मुलं हात पुढे करून टाळ्या मागत होती. पाय आपोआप सुटतात. मागच्या वेळी मी इथंच सगळा दम उधळला होता. या वेळी मुद्दाम मागे राहिले, कितीतरी जणांना पुढे जाऊ दिलं. समर्थ मंदिराच्या चौकात मावशी शेजारणींना घेऊन उभी होती. तिनं गुळाचा खडा हातावर ठेवला आणि म्हणाली, "जा, सावकाश."

मग घाट सुरू झाला. बोलणी हळूहळू थांबली. हजारो बुटांचा ओल्या डांबरावरचा आवाज आणि श्वास, एवढंच उरलं. मी मावशीचा हिशोब धरला: एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर चालायचं. शेजारी कोल्हापूरच्या एक ताई होत्या. त्यांना मी माझ्या आईच्या पुरणपोळीची कृती सांगत चढले, पुरण शिजेपर्यंत यवतेश्वर आलं. वर धुकं इतकं दाट की पुढचे धावपटू फक्त रंग म्हणून दिसत होते. कडेला सोनकी फुललेली. गावातल्या बायका केळी आणि मीठ लावलेलं लिंबू देत होत्या. प्रकृती रिसॉर्टजवळ वळसा घेतला तेव्हा अंगात अजून ताकद होती, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

उताराबद्दल मात्र लोक पुरेसं बोलत नाहीत. चढताना छाती दुखते, उतरताना मांड्या. प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत झेलावा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पावलं लांब टाकली की गुडघ्यांवर येतं. छोटी, भरभर टाकावीत. हे ठाऊक असूनही सोळाव्या किलोमीटरला माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. कठड्यावर बसले. दहावीतला वाटावा असा एक स्वयंसेवक मुलगा धावत आला, पायाचा चवडा माझ्याकडे दाबून धरला आणि गोळा सुटेपर्यंत सोडला नाही. त्याच्या दुसऱ्या हातात गोणी होती, आम्ही फेकलेले कागदी पेले भरलेली.

ते पेले पाहून मला अपराधी वाटलं. हाच रस्ता पुढे कासला जातो. त्या पठारावरची फुलं बोटभर मातीच्या थरावर जगतात आणि साताऱ्याला प्यायचं पाणी कासच्या तलावातून येतं. शर्यत वाढावी, जरूर वाढावी, पण डोंगराला सोसेल एवढीच. माझ्यापुरतं ठरवलं आहे: पुढच्या वेळी पाण्याची बाटली कमरेला.

शेवटी पोवई नाका कधी आला कळलं नाही. वेळ मागच्यापेक्षा अकरा मिनिटांनी कमी झाली. पदक गळ्यात घालून मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि लंगडत घर गाठलं.

संध्याकाळी पाऊस उघडला. मावशीच्या गच्चीवरून डोंगर स्वच्छ दिसत होता. घाटातून गाड्यांचे दिवे वळणावळणानं चढत होते.

"कुठवर गेलीस गं?" तिनं विचारलं.

मी बोट दाखवलं. दिवे दिसेनासे होत होते, त्याच्याही पलीकडे.