एका ओरखड्यापायी पाच तास

भाचीच्या पोटरीवरच्या ओरखड्यापायी कॅज्युअल्टीच्या बाकावर पाच तास काढले. त्यात चूक माझीच होती, हे अजून पचत नाही.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस. सांजेला गल्लीतलं कुत्रं लेकराच्या अंगावर आलं. दात घासून कातडी सोलली, रक्त नाही. आईनं तिखट भरायला डबा काढलाच होता. शेजारचे काका म्हणाले, "आपल्या पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुठली आलीय रेबीजची लस? जिल्ह्यालाच न्या." एक फोनही न करता मी गाडीला किक मारली.

केसपेपर दोन मिनिटांत निघाला. मग बसा! मळणीयंत्रात हात गेलेला एक जण आला. त्याच्यामागं फवारणीचं औषध पोटात गेलेली बाई, मग सर्पदंश. डॉक्टर एकच. दर अर्ध्या तासाला मी टेबलाशी जाऊन "आमचा नंबर?" तिसऱ्यांदा सिस्टरनं वर न बघताच सांगितलं, "दादा, इथं नंबर नसतो. जास्त सिरीयस ते आधी." राग आला. पण त्या मळणीवाल्याच्या हाताला गुंडाळलेलं धोतर बघितलं आणि गप बसलो. भाची मांडीवर झोपून गेली.

साडेबाराला डॉक्टरांनी पाय बघितला. "धुतला का?" नव्हता. पाच तासांत मलाही सुचलं नव्हतं. साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धरायला लावला. (हे घरीच, सगळ्यात आधी करायचं. तिखट-चुना काही नको.) मग दोन्ही दंडांवर कातडीत बारीक सुई, डाळीएवढा फुगा, झालं. आईच्या डोक्यात अजून पोटातली १४ इंजेक्शनं.

"हे तुमच्या पीएचसीतच झालं असतं," डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशीचा डोस पीएचसीतच घेतला. सिस्टरनं फ्रिजमधून लस काढली, दहा मिनिटांत मोकळे. "रात्रीही असतो की आम्ही. फोन करायचा!" नंबर तिथंच मोबाईलात घेतला. कुठं जावं कळत नसेल तर १०४ वर विचारता येतं, हेही त्यांनीच सांगितलं. रक्त निघालं असेल तर मात्र लसीसोबत जखमेत सीरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते कुठं आहे एवढं विचारा आणि लगेच निघा.

सातव्या दिवसाचा डोसही झाला. आता २८ वा राहिलाय, तो नेमका भाऊबीजेला येतो. सिस्टर म्हणाल्या, "या, फक्त आधी फोन करा."