लाल औषध घेताना

मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध द्यायचे ठरले, तेव्हा तिला सर्वाधिक धास्ती केस गळण्याची होती. माझ्या मते मात्र अधिक लक्ष सुईकडे द्यायला हवे. हे लाल औषध शिरेतूनच दिले जाते आणि ते शिरेबाहेर झिरपले, तर आजूबाजूच्या ऊतींना गंभीर इजा होऊन जखम चिघळू शकते. म्हणून औषध सुरू असताना हाताला जळजळ, ठणका किंवा सूज जाणवल्यास ती सोसत न बसता नर्सला त्याच क्षणी सांगावे. मावशी स्वभावाने भिडस्त, त्यामुळे हे तिला बजावून सांगावे लागले.

नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसून औषधाचाच रंग असतो.

औषध दिल्यावर साधारण 10 ते 14 दिवसांनी रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री-अपरात्रीही रुग्णालयाला कळवावे.

हृदयावरील परिणाम साठत जातो, त्यामुळे आयुष्यभरात मिळणाऱ्या एकूण मात्रेला मर्यादा असते (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम, आणि काहींसाठी त्याहूनही कमी) व उपचारांपूर्वी सहसा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतात. पूर्वी दुसरीकडे केमोथेरपी किंवा छातीवर रेडिएशन झाले असेल, तर ती जुनी फाइल शोधून पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी.