तुम्ही विचारलंत म्हणून: पोट बिघडलं की हार्मोन्स बिघडतात का?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते हे कळलं की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "मॅडम, पोट नीट नसलं की हार्मोन्सचा बॅलन्स जातो म्हणतात, खरं आहे का?" मी उलट विचारते, "कुठल्या हार्मोनचा?" यावर समोरचा गप्प होतो. अडवायचं म्हणून नाही विचारत मी. थायरॉइड, इस्ट्रोजेन, इन्सुलिन या सगळ्यांचा आतड्याशी संबंध आहे, पण प्रत्येकाचा वेगळा. सरसकट 'बॅलन्स' म्हटलं की उत्तरही मोघमच मिळणार.

संबंध आहे का, यावर मात्र वाद नको. हार्मोन म्हणून ओळखलं गेलेलं पहिलं रसायन आतड्यातच सापडलं. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि त्यांचे मेहुणे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग निवडला. त्याचे मज्जातंतू कापले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि आत सौम्य आम्ल सोडलं. स्वादुपिंडातून रस झरायला लागला. पचनाचे निरोप मज्जातंतूंतूनच जातात अशी तोवरची समजूत, आणि इथे तर मज्जातंतू उरलेच नव्हते. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस सुरू! म्हणजे निरोप रक्तातून जात होता. अर्कातल्या त्या रसायनाचं नाव सिक्रेटिन. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी वापरला तो त्यानंतर, १९०५ मध्ये. इतक्या साध्या सामग्रीत इतका मोठा निकाल क्वचितच लागतो, म्हणून हा प्रयोग शिकवताना मी हमखास रेंगाळते.

आतड्याच्या अस्तरातल्या साधारण शंभरातल्या एका पेशीचं कामच हार्मोन बनवण्याचं आहे. जीएलपी-१ त्यातलंच एक. जेवल्यावर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. म्हणूनच ग्लुकोज तोंडाने घेतलं तर इन्सुलिन जास्त येतं, शिरेतून दिलं तर कमी, रक्तातली साखर दोन्ही वेळा सारखीच वाढवली तरी. रक्तात जीएलपी-१ जेमतेम दोन मिनिटं टिकतं. वजन घटवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं म्हणजे त्याचीच जास्त टिकणारी नक्कल. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून बनणारी आम्लं जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशींना चालना देतात. तंतू खा, असं सांगण्यामागे निव्वळ पोट साफ होणं नाही ते यामुळे.

मन आनंदी ठेवणारं रसायन आतड्यात बनतं, असं म्हणत सेरोटोनिनचं मात्र लोकांनी फार केलंय. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःपुरतं स्वतः बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन मुख्यतः आतडी हलती ठेवायच्या कामी येतं.

इस्ट्रोजेनची गोष्ट जास्त गमतीची आहे. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृत एका आम्लाशी जोडून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. शौचावाटे गेलं तर विषय संपला. पण आतड्यातल्या काही जिवाणूंकडे ती जोडणी तोडणारं एन्झाइम असतं. जोडणी तुटली की मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. कुठले जिवाणू किती आहेत, पोट रोज साफ होतं का, आहारात तंतू किती, या सगळ्यावर किती बाहेर जाणार आणि किती परतणार हे काही अंशी ठरतं. इथवर पक्कं. इथून पुढे 'म्हणून आमचं प्रोबायोटिक घ्या, पाळी नियमित होईल' अशी जी उडी मारली जाते, तिला आधार नाही. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा, बीजांडकोशांशी संबंधित विकार) असलेल्यांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे आढळतात, पण आधी काय बिघडलं हे त्यावरून कळत नाही.

थायरॉइडबद्दल विचारणारे सगळ्यात जास्त. त्यांना मी आधी गोळी कशी घेता ते विचारते. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड कमी पडतं तेव्हा देतात ती हार्मोनची गोळी, लहान आतड्यात शोषलं जातं, तेही रिकाम्या पोटी नीट. नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. ही पथ्यं पाळूनही टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) खाली येत नसेल, डोस वाढतच चालला असेल, तर पोटाकडे बघायलाच हवं. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर झिजवणारा सिलिअ‍ॅक आजार, जठरातला एच. पायलोरी या जिवाणूचा संसर्ग, अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, कशानेही शोषण कमी होऊ शकतं. कारण सापडून उपचार झाले की तीच गोळी कमी डोसमध्ये पुरायला लागते. डोस अर्थात डॉक्टरांनीच बदलायचा.

आणि उलटी बाजू कुणी विचारतच नाही! थायरॉइड मंदावलं की बद्धकोष्ठता होते, वाढलं की शौचाला पातळ आणि वारंवार होतं. पाळीच्या आधी अनेकींचं पोट जड होतं आणि पाळी सुरू होताच ढिलं. ही ढिलं होण्याची करामत प्रोस्टाग्लँडिन या रसायनाची, ते गर्भाशयाबरोबर आतड्यालाही आवळतं. तेव्हा पोट बिघडलंय म्हणून हार्मोन्स बिघडले असं धरून चालण्याआधी, हार्मोन बिघडल्यामुळे पोट बिघडलं नाही ना, हेही बघायला हवं.

ओळखीच्या एकीने मध्यंतरी घरी मागवलेल्या शौचतपासणीचा अहवाल मला पाठवला. रंगीत तबकडी, त्यावर 'हार्मोन बॅलन्स'चा काटा पिवळ्या पट्ट्यात, खाली तीन पावडरींची शिफारस. शौचातल्या जिवाणूंवरून हार्मोन्सची पातळी सांगणारी विश्वासार्ह तपासणी आजघडीला नाही. मी विचारलं, तुला होतंय काय? चार महिने पाळी आली नव्हती. पावडरी तशाच ठेव आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घे, म्हटलं. तिथे आधी गर्भधारणा नाही ना ते बघतील, मग टीएसएच, प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करायला लावणारं हार्मोन) आणि गरजेप्रमाणे बाकीचं, रक्तातून.