जीप येईपर्यंत किती फोटो जातात?

हरिश्चंद्रगड उतरून पाचनईत आलो की आमच्या सहा जणांच्या गटाचा एक कार्यक्रम ठरलेला असतो: आधी चहा सांगायचा आणि मग राजूरकडे जाणारी जीप येईपर्यंत एकमेकांकडून फोटो घ्यायचे. ‘घरी गेल्यावर पाठवतो’ असे म्हणणाऱ्याचे फोटो पुढच्या ट्रेकपर्यंत येत नाहीत, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवले तर फोटो दाबून लहान केले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, तर त्यासाठी इंटरनेट लागते आणि गडाच्या पायथ्याशी त्याचा भरवसा नसतो. त्यामुळे इंटरनेटशिवाय एका फोनवरून दुसऱ्यावर फाइल नेणारे सर्वांत वेगवान ॲप कोणते, यावर दर खेपेला वाद होतो. यंदाच्या पावसाळ्यात घरी अडकून पडलो असताना तो वाद घड्याळ लावून मिटवावा, असे मी ठरवले.

फोन दोन घेतले: माझा मध्यम किमतीचा आणि बहिणीचा स्वस्तातला. फाइलींचे गठ्ठेही दोन: सुमारे १ जीबीचा एकच व्हिडिओ आणि साधारण तेवढ्याच आकाराचे काहीशे फोटो. प्रत्येक प्रयोग तीनदा केला. घड्याळ मात्र ॲपच्या पडद्यावरचे न धरता हातातले धरले, म्हणजे ‘पाठवा’ दाबल्यापासून शेवटची फाइल दुसऱ्या फोनवर उघडेपर्यंतचा सगळा वेळ मोजला. ॲप जो वेग दाखवते तो जोडणी झाल्यानंतरचा असतो. समोरचा फोन शोधणे, परवानग्या देणे, ‘स्वीकारा’ दाबणे यांत गेलेला वेळ त्यात धरलेला नसतो. माझ्या दोन फोनांचे सेकंद इतरांच्या उपयोगाचे नाहीत, म्हणून खाली तंत्राचे सर्वमान्य आकडे आणि मला दिसलेले प्रमाण एवढेच देतो.

आधी ब्लूटूथ. फाइल पाठवताना त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे २ मेगाबिटच्या आसपास असतो. १ जीबी म्हणजे ८,००० मेगाबिट, तेव्हा त्या एका व्हिडिओला ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागेल. तेवढ्यात ही जीप सोडाच, पुढचीही निघून गेलेली असेल. काही वर्षांपूर्वी घराघरांत असलेल्या फाइल पाठवण्याच्या ॲपांच्या जाहिरातीत ‘ब्लूटूथच्या २०० पट वेग’ असे लिहिलेले असे. ते खोटे म्हणता येणार नाही, कारण २ मेगाबिटच्या २०० पट म्हणजे ४०० मेगाबिट, आणि ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर एका अँटेनाच्या फोनचा कागदोपत्री वेग ४३३ मेगाबिट असतो. म्हणजे मिरवला जात होता तो वाय-फायचा वेग, आणि श्रेय घेत होते ॲप. त्यांपैकी शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही ॲप २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांच्या यादीत होती. आमच्या गटातले दोघे आजही त्यांच्या आठवणी काढतात. जाहिराती किती असत, हे मात्र विसरतात.

आता जी ॲप वापरात आहेत त्यांत क्विक शेअर आणि लोकलसेंड ही दोन मी मुख्यतः तपासली. क्विक शेअर हे गूगलचे पूर्वीचे निअरबाय शेअर. २०२० मध्ये ते आले आणि २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगच्या त्याच नावाच्या सोयीशी एकत्र होऊन त्याला हे नाव मिळाले. ते ब्लूटूथने समोरचा फोन शोधते आणि मग फाइलीसाठी दोन फोनांमध्ये थेट वाय-फायची जोडणी करते. लोकलसेंड हे मुक्तस्रोत ॲप आहे. त्याला दोन्ही उपकरणे एकाच वाय-फाय जाळ्यावर लागतात, पण अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स असा भेद त्याला नाही.

पहिल्या दिवशी क्विक शेअर सहज जिंकले आणि मी निकाल लिहूनही टाकला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की तुलनाच चुकली होती. लोकलसेंड मी घरच्या राउटरवरून चालवत होतो. दोन्ही फोन वाय-फायवर असले की फाइलीचा प्रत्येक तुकडा आधी माझ्या फोनवरून राउटरकडे आणि मग राउटरकडून बहिणीच्या फोनकडे, असा त्याच हवेतून दोनदा जातो आणि हवेत एका वेळी एकच बोलू शकतो. त्यामुळे हाती येणारा वेग जवळजवळ निम्मा होतो. राउटर बाजूला ठेवून माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, बहिणीचा फोन त्याला जोडला आणि तीच फाइल त्याच लोकलसेंडने पाठवली, तेव्हा दोन ॲपांतला फरक इतका घटला की तिन्ही खेपांत पहिला नंबर बदलत राहिला. (हॉटस्पॉट लावला म्हणजे मोबाइलचा डेटा खर्च होतो, हा आमच्या आईचाही समज आहे. फाइल दोन फोनांतच फिरत असते. पॅकमधून त्यासाठी काही वजा होत नाही.)

त्याहूनही मोठा फरक एका सेटिंगने पडला. अनेक फोनांचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असतो, कारण जुनी उपकरणे त्यालाच जोडली जातात. तिथे एका अँटेनाच्या फोनचा कागदोपत्री वेग ७२ मेगाबिट. प्रत्यक्षात त्याच्या अर्ध्याहून थोडे अधिक मिळाले तर १ जीबीला तीनेक मिनिटे लागतात. ५ गिगाहर्ट्झवर त्याच हिशेबाने काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकते. आयफोनवर हेच सेटिंग ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ या नावाखाली दडलेले आहे. ते बंद ठेवावे लागते. कोणते ॲप चांगले यावर आम्ही वर्षभर भांडलो, आणि कळीचा मुद्दा बँडचा, म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झ याचा होता.

क्विक शेअरच्या बाबतीत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. थेट वाय-फायची जोडणी काही कारणाने जमली नाही, तर ते काम न थांबवता ब्लूटूथवरूनच फाइल पाठवत राहते, आणि पडद्यावर फारसे काही न सांगता पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागते. असे दिसले की वाट न पाहता रद्द करून पुन्हा सुरुवात करणे सोयीचे, असा माझा अनुभव आहे.

फोटोंचा गठ्ठा पाठवला तेव्हा वेगळेच दिसले. आकार व्हिडिओएवढाच असूनही वेळ दोन्ही ॲपांत जास्त लागला, कारण प्रत्येक फाइलीमागे नाव कळवणे, नवी फाइल उघडणे, लिहून बंद करणे आणि गॅलरीच्या यादीत तिची नोंद करणे ही कामे पुन्हा पुन्हा होतात. मग सगळ्या फोटोंची एकच झिप फाइल करून पाहिली. पाठवण्याचा वेळ व्हिडिओएवढा खाली आला, याचा आनंद झाला. पण झिप करण्याचा आणि पलीकडे ती सोडवण्याचा वेळ मिळवल्यावर वाचवलेले सगळे परत गेले. जेपीजी फोटो मुळातच दाबलेले असल्याने झिपने आकारही कमी होत नाही. ही युक्ती आमच्या गटात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

फोनचे पोटही विसरून चालत नाही. बहिणीच्या फोनवर व्हिडिओ घेताना सुरुवातीला पट्टी धावायची आणि मध्यावर रेंगाळायची. उलट दिशेने, म्हणजे तिच्याकडून माझ्याकडे, तसे होत नव्हते. हवा तीच, ॲप तेच, अंतर तेच. तेव्हा अडखळत होती ती तिच्या फोनची लिहिण्याची क्षमता. मेमरी कार्डावर फाइल उतरवणाऱ्यांनी तर कार्डावरचा क्लास पाहावाच: क्लास १० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० मेगाबाइटची हमी, आणि ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने माल आणून टाकते.

गटात एकाकडे आयफोन आहे. त्यातले एअरड्रॉप, म्हणजे ॲपलची फाइल पाठवण्याची सोय, आमच्या कुणाच्या कामाचे नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल १० मालिकेच्या फोनांवर क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांची गाठ घालून दिली. पण आमच्यात पिक्सेल कुणाकडेच नाही. त्यामुळे लोकलसेंड आणि हॉटस्पॉट हाच आमचा मार्ग, फक्त फाइली येत असताना त्याने ॲप सोडून दुसरीकडे जायचे नाही. आयफोन मागे गेलेल्या ॲपला फार वेळ जागे ठेवत नाही.

आता पाचनईतली पद्धत ठरली आहे. हॉटस्पॉट कुणाचाही चालत नाही. तिसऱ्याच्या हॉटस्पॉटवर दोघे बसले, तर राउटरसारखाच दोनदा हवेतून प्रवास होतो. म्हणून ज्याने सर्वांत जास्त फोटो काढले त्यानेच हॉटस्पॉट लावायचा, ५ गिगाहर्ट्झवर, आणि बाकीच्या पाचांनी त्याला जोडून घ्यायचे. यात एकच अडचण निघाली: ज्याने सर्वांत जास्त फोटो काढलेले असतात, त्याच्याच फोनची बॅटरी गड उतरेपर्यंत संपत आलेली असते. तेव्हा पुढच्या ट्रेकच्या वर्गणीत एक पॉवर बँक धरली आहे.